वासामागे आलेला पोवळ्याचा खडा

दुपारी घर सामसूम होतं. तेवढ्यात दुधाची बाटली फरशीवर पडली आणि घरंगळत जाऊन उंबऱ्याला टेकली.

गोंडानं पुन्हा तोंड फिरवलं होतं. गोंडा म्हणजे पाच दिवसांचं कोकरू. काळं, आणि कपाळावर पांढऱ्या लोकरीचा झुबका. त्याची आई परवा रस्ता ओलांडताना टिप्परखाली गेली. तेव्हापासून सहा वर्षांची तुळजा त्याला बाटलीनं दूध पाजू बघत होती. रबराचं बोंड ओठाला लागलं की गोंडा शहारायचा. जबरदस्तीनं तोंडात घातलं तर दूध नाकातून बाहेर यायचं.

"आई, ह्यो पीत न्हाई गं. मरंल का ह्यो?"

श्रीदेवीनं बाटली उचलली, पदरानं पुसली. "भूक लागली की पील," ती म्हणाली. कालही तिनं हेच सांगितलं होतं.

मित्रांनो, हे सगळं मी दारासमोरच्या भिंतीतल्या देवळीतून बघत होतो. मी एक जुना पोवळ्याचा खडा. अंगठ्याच्या पेराएवढा, पांढराफटक, भाजक्या मातीच्या एका लहानशा फरशीवर कायमचा चिकटलेला. माझ्यातला जीव कधीच गेला. मागं चुन्याचा सांगाडा उरलाय, तो बोलतोय असं समजा. बीदरकडच्या ठाणाकुशनूरजवळच्या या घरात मेंढरांच्या लेंड्यांचा, ज्वारीच्या पिठाचा आणि धुराचा वास असतो. समुद्र इथून इतका लांब, की तुळजाच्या अज्जीला तो खारट असतो हेही पटत नाही. मग मी इथं कसा? ते आधी ऐका. गोंडाचं पुढं काय झालं, ते त्याशिवाय कळणार नाही.

वर्षातून एकदा, पुनव उलटली की समुद्रातलं पोवळ्यांचं बेट एकदम बीज सोडतं. मोहरीएवढे गुलाबी गोळे पाण्यावर तरंगू लागतात. तसल्याच एका बिजातून मी निघालो. तिळाच्या टोकाएवढा, लांबट, अंगभर बारीक लव. ती लव हलवत मी पोहायचो. डोळे नाहीत, कान नाहीत. आईनं शिदोरी म्हणून थोडी चरबी अंगात बांधून दिलेली, तेवढी संपायच्या आत घर शोधायचं. आणि घर एकदाच शोधायचं, बरं का. तुम्हा माणसांना एक घर सोडून दुसरं बघता येतं. आमच्यात एकदा बूड टेकलं की टेकलं.

मग डोळे नसताना घर ओळखायचं कसं? वासानं. चांगल्या खडकावर गुलाबी रंगाचं, दगडासारखं कडक शेवाळ असतं. कुणी हातानं गिलावा दिल्यासारखं. त्याच्या अंगातून, आणि त्यावर नांदणाऱ्या न दिसणाऱ्या जंतूंच्या अंगातून, काही द्रव्यं पाण्यात झिरपत राहतात. ती आम्हाला लागली की आमची दिशाच फिरते. पोहणं सोडून आम्ही तळाशी जातो. अंधारात पायरी चाचपावी तसं टोकानं चाचपत सरपटतो, एका जागी गोल फिरून बघतो, आणि बसतो. त्या वासाचा आमच्या लेखी अर्थ एवढाच, की इथं आधी कुणीतरी नांदलंय. इथं ऊन बेताचं आहे, गाळ नाही, पाणी वाहतं आहे. ये, बस.

मला तो वास आला. असा काही आला की शिदोरी अर्धी शिल्लक असतानाच मी खाली उतरलो. माझ्याबरोबर चाळीस-पन्नास भावंडं उतरली. बसलो. अंग पसरलं, वरच्या बाजूला तोंड उघडलं, तोंडाभोवती मिशांसारखे हात फुटले, बुडाखाली चुन्याचा पहिला थर जमला. आता जन्मभर इथंच, असं म्हणून मी निवांत झालो.

तो खडक नव्हता.

ती काचेच्या टाकीत ठेवलेली फरशी होती. दक्षिणेकडच्या समुद्रकाठी एका संशोधन केंद्रात श्रीदेवीचा नवरा रेवणसिद्ध मदतनीस होता. बेटांवरची पोवळी मरत चालली म्हणून तिथली माणसं नवी रोपं तयार करत होती. रेवणसिद्धानं पोवळ्याच्या बिजाचं पाणी बादलीत धरून आणलं होतं. गुलाबी शेवाळ खलबत्त्यात कुटून, स्पिरिटात भिजवून त्याचा अर्क काढला होता, आणि तो अर्क ब्रशनं या फरशीवर चोपडला होता. तिथं आधी कुणीही नांदलेलं नव्हतं.

तो दुष्ट नव्हता हो. उलट असा काळजीचा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. पुढं आमच्या फरश्या लोखंडी चौकटीवर बांधून समुद्रात सोडल्या, तेव्हा तो दर आठवड्याला बुडी मारून यायचा. दात घासायच्या ब्रशनं माझ्याभोवतीची घाण काढायचा. वर्ष झालं तेव्हा मोठ्या साहेबांनी माझा फोटो काढला. "हा सगळ्यात चांगला वाढलाय," असं म्हणाले म्हणे. त्या वेळी मी फिकट तपकिरी होतो, कडेला हिरवट झाक. माझ्या अंगात राहून मला भरवणारं एक बारीक शेवाळ होतं, रंगही त्याचाच.

दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी तापलं. माणसाला ते कोमटसुद्धा वाटलं नसतं. पण माझ्या अंगातलं ते शेवाळ मला सोडून गेलं आणि मी पांढरा पडलो. पांढरा म्हणजे मेलेला, असं लोक समजतात. तसं नसतं. पांढरा म्हणजे उपाशी. सहा आठवडे मी उपाशी जिवंत होतो आणि शेजारचं एकेक भावंड बंद पडताना मला कळत होतं. उठून दुसरीकडं जायची सोय नव्हती. ज्यानं वास लावला त्याच्या हातात पाणी थंड ठेवणं नव्हतं.

रेवणसिद्धानं कागदावर माझ्या नंबरापुढं फुली मारली. थोड्याच दिवसांत त्याचं कामही सुटलं. निघताना त्यानं टाकून द्यायच्या बादलीतून मला उचललं, टॉवेलात गुंडाळलं आणि घरी आणलं.

घरात माझं स्वागत काय झालं म्हणता!

"ह्येला पवळं म्हणतेत व्हय?" अज्जी, म्हणजे अंबुबाई म्हणाली. "सोनाराकडं नेलास तर त्यो तुला दाराभाईर काढील."

"मला तर उंदरानं कुरतडलेल्या भाकरीवानी दिसायलंय," तुळजाचा अज्जा काशाप्पा म्हणाला आणि आपल्या मेंढरांकडं निघून गेला.

तुळजानं मात्र मला दोन्ही हातांत घेतलं. माझी सगळी हकिकत तिनं बापाच्या मांडीवर बसून ऐकली. श्रीदेवी समोर भाकरी थापत होती, तीही ऐकत होती.

"मग अप्पा, ह्यो इथंच कामून बसला?"

"म्या वास लावला की त्येला आवडंल तसला. आवडता वास आला की पिल्लू जवळ येतंय आन् चिकटतंय."

"पावडर लावल्यावानी?"

रेवणसिद्ध हसला. "व्हय गं माझे बाई, पावडर लावल्यावानी."

मित्रांनो, मला तेव्हा बोलता आलं असतं तर मी ओरडलो असतो. आवडीचा वास नव्हता तो! घराचा वास होता, आणि घराचा वास चांगला असतोच असं नाही. पण लेकराला समजावं म्हणून बापानं सोपं केलं. रेवणसिद्ध पुढं बीदरला कामाला लागला, रविवारीच यायचा. मी देवळीत धूळ खात बसलो. माझ्या अंगावर कधी काडेपेटी, कधी केसांच्या पिना. आणि ते सोपं केलेलं वाक्य घरात तसंच राहिलं.

आता त्या दुपारकडं येतो.

बाटली घरंगळली त्याच दिवशी, ऊन कलता कलता, काशाप्पाची तांबडी मेंढी व्याली. कोकरू मेलेलं निघालं. तांबडी त्याला चाटत राहिली, खुरानं ढोसत राहिली, घशातल्या घशात हुं-हुं करत राहिली. तिची कास दुधानं तट्ट फुगलेली. इकडं गोंडा उभं राहताना थरथरत होता.

श्रीदेवी लगबगीनं गेली. "मामा, गोंडाला तिच्याखाली लावू की!"

"लावून बघ," सासरा म्हणाला.

तिनं लावलं. तांबडीनं त्याच्या शेपटीखाली हुंगलं आणि अशी धडक दिली की गोंडा कोलमडून पडला. तुळजा रडायला लागली.

"मेंढी लेकरू डोळ्यानं वळखत न्हाई, नाकानं वळखती," काशाप्पा म्हणाला. त्यानं चाकू काढला. मेलेल्या कोकराचं कातडं त्यानं बंडी उतरवावी तसं सबंध उतरवलं, पायांच्या चार भोकांसकट. ते ओलं कातडं गोंडाला घातलं आणि पोटाखालून सुतळीनं बांधलं. गोंडा दोन कोकरांएवढा दिसू लागला. काशाप्पानं त्याला तांबडीपुढं सोडलं.

तांबडीनं हुंगलं. शेपटीपाशी पुन्हा हुंगलं. हुं-हुं केलं, आणि मागचे पाय फाकवून उभी राहिली. गोंडा कासेला लागला. आई गेल्यापासून पहिल्यांदा त्याची शेपटी हलली.

तुळजानं टाळ्या पिटल्या. तो अर्क, तो ब्रश, ती फरशी सगळं मला आठवत होतं. पण गोंडा पीत होता. आणि पोटात दूध जात असताना कुणी खरं-खोटं विचारत नाही.

"तीन रोज काढायचं न्हाई ह्ये," काशाप्पानं बजावलं.

"कामून?" श्रीदेवीनं विचारलं.

तो उत्तर देणार तेवढ्यात अंबुबाई मधे पडली. "कामून-फिमून काय करतीस? मेंढरवाल्याच्या घरात आलीस, बघत जा. कमठाण्याला तुझ्या बापाच्या रानात मिरच्याच तोडल्यास नव्हं?"

काशाप्पा हसला आणि पाय धुवायला गेला. कारण राहिलं ते राहिलंच.

तुळजा कन्नड शाळेत पहिलीत जाते. सकाळी उठून तिनं शाळेतल्यासारखं बोट वर केलं, "ओंदु." एक दिवस झाला. दुसऱ्या सकाळी "येरडु" म्हणताना तिचा आवाज बसला होता. उन्हानं कातडं कडक होऊन गोंडाच्या काखेत काचत होतं. वास अंगणभर पसरला होता. माश्या नुसत्या घोंगावत होत्या, आणि कातड्याच्या घडीत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसत होत्या. तुळजानं आदल्या दिवशीपासून अन्न तोंडात घेतलं नव्हतं. घास पुढं आला की तिला उमासा यायचा.

"गोंडा मेल्यावानी वास मारायलाय, आई. काढ की गं ते. मेलेलं लेकरू घातलंय त्याच्या अंगावर."

"उद्याच्याला अज्जा काढतेत."

"उद्यापस्तर अळ्या त्याला खातेत! अप्पा म्हणले की, आवडता वास आला की पिल्लू चिकटतंय. आसल्या घाण वासानं तांबडी त्याला हाकलंल बघ!"

काशाप्पा मेंढरांचं औषध आणायला संतपूरला गेला होता. अंबुबाई शेजारणीबरोबर शेंगा तोडायला. घरात दोघीच. श्रीदेवीनं कोकराकडं बघितलं, मग लेकीच्या सुकलेल्या तोंडाकडं. दोन दिवस तांबडी त्याला पाजतेय, आता काय ती ओळखायची नाही? असं तिच्या मनानं घेतलं असणार. कुठल्या आईनं घेतलं नसतं?

मित्रांनो, मला माहीत होतं. साऱ्या घरात त्या घटकेला फक्त मला माहीत होतं. आणि मी दगड होतो.

तिनं विळीवर सुतळी कापली. कातडं लाकडानं उचलून उकिरड्यावर टाकलं. बंबातलं ऊन पाणी आणलं, अंगाचा साबण आणला. मायलेकींनी मिळून गोंडाला न्हाऊ घातलं. अळ्या वाहून गेल्या, काचलेल्या जागी श्रीदेवीनं खोबरेल चोळलं. तो इतका बारीक, इतका काळाभोर निघाला, की तुळजा दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. तिनं पावडरचा डबा आणला. न्हाऊन झाल्यावर तिच्या आईनं तिला लावावी तशी मानेला, पोटाला, शेपटीखाली पावडर लावली. श्रीदेवीनं त्याच्या कपाळावरचा झुबका हुंगला. "जा आता तुझ्या आईकडं, नवरदेवा," ती म्हणाली.

गोंडा बें-बें करत जाळीच्या कुंपणात शिरला. आवाज ओळखीचा वाटून तांबडी धावतच आली. नाक पुढं करून तिनं हुंगलं. शेपटीखाली हुंगलं. मग ती दोन पावलं मागं सरली.

"जागा करून द्यायलीय बघ त्येला!" तुळजा म्हणाली.

मेंढी मागं सरते ती धडक द्यायला. पहिल्या धडकेनं गोंडा पाण्याच्या दगडी डोणीवर आदळला. तो उठला. त्याला वाटलं असेल, आपलंच काही चुकलं. तो पुन्हा कासेकडंच गेला. दुसरी धडक बरगड्यांवर बसली. श्रीदेवी ओरडत आत शिरली, तिच्याही गुडघ्याला मार बसला, आणि तिनं त्याला उचललं तोवर त्याच्या नाकातून रक्त येत होतं.

गोंडा लगेच मेला नाही. घटकाभर तो तुळजाच्या मांडीवर होता. तुळजानं बाटलीचं रबरी बोंड त्याच्या ओठाला लावलं. या वेळी त्यानं तोंड फिरवलं नाही. दोन घोट ओढलेसुद्धा.

आणि तांबडी? ती कुंपणाच्या कडेला, उकिरड्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिकडं नाक करून, घशातल्या घशात, मायेनं हुं-हुं करत राहिली.

अंबुबाई आधी परतली. तिनं एका नजरेत सगळं बघितलं. "सात वरसं झाली ह्या घरात येऊन," ती म्हणाली, "आजून मेंढराचा वास कळंना हिला. साबण लावली! मेंढराला साबण लावली!"

श्रीदेवीच्या हाताला अजून पावडर होती.

काशाप्पा आला, त्यानं मेलेलं कोकरू पालथं-उताणं करून पाहिलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणानं सुनेजवळ उकिडवा बसला.

"तीन रोज कामून म्हणलो, सांगू का माय? तिचं दूध त्याच्या पोटातून फिरून लेंडीत उतरायला पाहिजे. मग त्याच्या अंगालाच तिचा वास लागतोय. मग कातडं काढलं तरी चालतंय. आजची एक रात गेली असती की..." त्यानं कोकराच्या नाकावरचं रक्त बोटानं पुसलं. "म्याच सांगायला पाहिजे होतं. न्हाई सांगितलो."

कारण आलं, पण गोंडा गेल्यावर आलं.

मग काशाप्पा उठला, कारण तांबडीची कास पुन्हा तटतटली होती आणि दूध वाया घालवणं मेंढरवाल्याला जमत नाही. त्यानं उकिरड्यावरून ते कातडं उचललं. राख झटकली, अळ्या झटकल्या. पलीकडच्या हणमंतप्पाच्या मेंढीला जुळी झाली होती. त्यातलं एक पांढरं, किडमिडं, आईला नको झालेलं, हणमंतप्पा काखेत धरून घेऊन आला.

"जगंल का?" त्यानं विचारलं.

"ही म्हणंल तसं," काशाप्पा तांबडीकडं बघत म्हणाला.

कातडं पांढऱ्या कोकराला घातलं. सुतळी कापलेली होती, ती गाठ मारून पुन्हा बांधली. तांबडीनं हुंगलं, शेपटीखाली हुंगलं, आणि जणू हरवलेलं लेकरू गावल्यासारखी त्या वाळल्या कातड्याला चाटत सुटली. पाय फाकवून उभी राहिली. नवं कोकरू चुटूचुटू पिऊ लागलं. मघाशी ज्या डोणीवर रक्त सांडलं होतं, तिला टेकूनच ती त्याला पाजत होती.

मित्रांनो, गोष्टीच्या शेवटी मी काहीतरी मागावं अशी रीत आहे, म्हणून मागतो. माझी धूळ पुसा, मला चांगल्या जागी ठेवा, हे मला नको. कुणाला वास दाखवून, हाक घालून जवळ बोलावलंत, तर पुढच्या उन्हाळ्याचाही विचार करा. कारण आलेल्याला परत जाता येत नाही. आणि घरात आलेल्या माणसाच्या हाती एखादी रीत देता, तेव्हा तिचं कारणही त्याच्या पदरात घाला. हसून पाय धुवायला जाऊ नका. लेकराला सांगायचं म्हणून खरं सोपं करताना जरा थांबा. मी दगड आहे, मला एवढंच कळतं. तांबडीवर रागवू नका. मी तिच्यासारखाच आहे. मलाही वासापलीकडं काही दिसलं नव्हतं.

त्या संध्याकाळी श्रीदेवीनं तुळजाला न्हाऊ घातलं. रक्त धुतलं, केस पुसले, दुसरा फ्रॉक घातला. पावडरच्या डब्याला मात्र तिनं हात लावला नाही. तुळजा तिच्या मांडीवर बसून कुंपणाकडं बघत होती. तिकडं पांढरं कोकरू पोट भरून तांबडीच्या कुशीत निजलं होतं आणि तांबडी अधूनमधून त्याच्या अंगावरचं कातडं चाटत होती.

श्रीदेवीनं सवयीनं लेकीचं डोकं हुंगलं. तशी तुळजा वळली. रडत नव्हती. नुसतं विचारत होती.

"आई, मी मेले आन् माझा फ्रॉक घालून दुसरी कोण आली, तर तिला बी आसंच जवळ घेतीस का गं?"